होय, तुरी

लोकांचं बिघडलेलं नेट मी जागेवरून न उठता नुसत्या फोनवर दुरुस्त करतो, अशी कमलनगरात माझी ख्याती आहे. ती मुख्यतः मीच पसरवली आहे. स्टँडजवळ माझं दुकान. पाटीवर कन्नडात मोठ्या आणि मराठीत बारक्या अक्षरांत 'कॉम्प्युटर, कॅमेरे, नेटवर्किंग' असं लिहिलेलं. पार हुमनाबादकडच्या दुबलगुंडीपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत; कुणाची पतसंस्था, कुणाचा दवाखाना. फोन आला की मी खुर्चीत मागं रेलतो, डोळे मिटतो आणि विचारतो, "दिवा हिरवा हाय का? लुकलुकायलाय का? वायर काढून परत लावा. खट् वाजलं का? न्हाई वाजलं? मग प्लग बदला." बहुतेक वेळा एवढ्यानंच भागतं. मग मी समाधीतून उठल्यासारखे डोळे उघडतो आणि समोर कुणी बघत होतं का ते पाहतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरातलं नेट कित्येक दिवस जात-येत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तिथं निदान दिवा तरी लागलेला असतो. आमचा दिवाच लागत-विझत होता, आणि ही गोष्ट मी गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवली होती.

आधी रचना सांगतो, कारण पुढचा घोळ तिच्यातूनच झाला. नेटची मुख्य तार दुकानापर्यंत आलेली आहे आणि घर दुकानामागच्या बोळात. दुकानात एक स्विच, म्हणजे नेट वाटून देणारी चपटी पेटी. घरात स्वयंपाकघराच्या फळीवर दुसरा स्विच. दोघांच्या मधे दोन छपरं ओलांडून गेलेली एक वायर. स्विचवर प्रत्येक वायरीचा एक बारका दिवा असतो. लिंक, म्हणजे जोडणी, असली की हिरवा, गेली की विझलेला. घरातला स्विच नवा होता, कारण तो बायकोच्या नजरेसमोर असायचा. दुकानातला एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला होता. विजेच्या झटक्यात त्याचे सगळे दिवे गेले होते, बाकी काम करत होता. असला आंधळा स्विच मी दुसऱ्या कुणाला एक दिवस ठेवू देत नाही, वर चार शब्द ऐकवतो. माझ्याकडे तो भिंतीवर उंच, एका लोखंडी पेटीत बसवलेला होता, आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी.

बायको आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. माहेर सगळं कन्नड बोलणारं, पण मराठी तिला माझ्याइतकीच येते. लग्नाआधी ती गुलबर्ग्याला एका शाळेत गणित शिकवायची. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडातून अजून गुलबर्गाच निघतं. इथं आल्यावर एका शाळेला कन्नडची बाई हवी होती, दुसरीला मराठीची. दोन्ही येणारी गणिताची बाई कुणालाच नको होती. मग ती घरात राहिली. तक्रार कधी केली नाही, पण वर्तमानपत्राच्या कडेला भाजीचा हिशोब करायच्या निमित्तानं ती भलभलती समीकरणं सोडवत बसायची, ते मला दिसायचं आणि दिसलं नाही असं मी दाखवायचो.

एवढ्यात तिला ऑनलाइन शिकवणीची एक कंपनी सापडली. त्यांना नेमकी अशीच बाई हवी होती, मुलाला कळेल त्या भाषेत गणित सांगणारी. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडात, चालेल. अट एकच होती. मोबाइलवरचं नेट चालणार नाही, तारेचं पाहिजे, आणि ते मधे तुटता कामा नये. "तेवढं आपल्याकडं हायच की," मी म्हणालो होतो.

घरात भाषेचा असा काही नियम नव्हता. मी मराठीत बोलायचो. तिचे हात रिकामे असले तर ती मराठीत उत्तर द्यायची, कामात असले तर कन्नडात. रागात कन्नडच. दिवसभरात कोण कोणत्या भाषेत काय बोललं हे संध्याकाळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. याचा मला मोठा अभिमान. सीमेवरच्या माणसाला दुभाषी लागत नाही, असं मी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना जेवताना हमखास ऐकवायचो.

पहिला डेमो क्लास अर्ध्यात तुटला. मी दाराच्या फटीतून बघत होतो. भागाकार समजावताना तिचं तोंड उघडं राहिलं आहे असं चित्र पडद्यावर गोठलं, आणि ती बिचारी इकडे बोलतच होती. मग दिवा आला, मग गेला, मग परत आला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. ती बाहेर आली.

"कंपनीचा सर्व्हर असंल," मी म्हणालो.

"तुमचा स्विच हाय," ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. म्हणजे कन्नडाच्याही पुढचा राग होता.

कंपनीनं आणखी एक डेमो दिला, आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळचा. हा तुटला तर पुन्हा विचारू नका, असंही कळवलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "ह्ये बी गेलं तर मी परत कुठंच अर्ज करणार न्हाई. सांगून ठेवते." ती नुसतं म्हणायचं म्हणून काही म्हणत नाही. तिची इतक्या वर्षांनी चालून आलेली नोकरी माझ्या छपरावरच्या वायरीला लटकत होती, आणि ती वायर टिकेल असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं.

आईनं विचारलं, "वायर तुटली का रे?"

"तुटली न्हाई, आई. लिंक फडफडायलीय. येती, जाती. येती, जाती."

"मग चिमटा लाव की," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर दोरीवरचं धुणं होतं. मी हसलो. आत्ता ते हसणं आठवलं की कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. आधी दोष व्होल्टेजला दिला आणि स्टॅबिलायझर लावला. मग उन्हाला दिला आणि वायरीवर पोतं टाकलं. मग खारींना दिला, त्यासाठी छपरावर चढून एका खारीकडे बराच वेळ रोखून बघत बसलो. लिंक मला हातावर तुरी देऊन निसटतच होती. शेवटी, गिऱ्हाइकांना जे पहिल्या मिनिटाला सांगतो, ते मी सगळ्यांत शेवटी करायचं ठरवलं. प्लग तपासायचा.

पण दुकानातला स्विच आंधळा. लिंक आली की गेली हे मला इथं दिसणार नाही. म्हणून बायकोला घरातल्या स्विचसमोर उभं केलं, फोन कानाला लावला आणि स्टुलावर चढलो. ती भाकरी टाकत होती. पलीकडे गिरणी चालू. पेटीत हात घालून मी प्लग चाचपला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

"आली का?" मी ओरडलो.

"बंद री," ती म्हणाली.

हात काढला. गिरणीनं भिंत थरथरत होती. "आता?"

"होय, तुरी."

तुरी कुठून आल्या, हे मला कळलं नाही. पण आमच्याकडे तुरी कुठूनही येतात. आई मागून डाळीचं काहीतरी म्हणत असेल आणि ही ते पुढं सांगत असेल, असं समजून मी पुढं गेलो. परत प्लग दाबला. "बंद री." परत सोडला. "होय, तुरी."

मी कपाळाला हात लावला. इतका स्पष्ट निकाल मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी हात लावला की लिंक जाते, मी लांब झालो की येते. याचा अर्थ एकच होता. माझ्या अंगातली वीज. मागे कुठल्याशा व्हिडिओत मी असलं काहीतरी पाहिलं होतं. खात्री करायला रबरी चपला घालून परत स्टुलावर चढलो. चपला घालूनही "बंद री."

तरी एक शंका नको म्हणून नवी वायर काढली, दोन्ही टोकांना नवे प्लग बसवले, डब्यातले शेवटचे, आणि छपरांवरून तात्पुरती ओढून लावली. दोन्हीकडे खट् वाजलं. "आता?"

"बंद री. बंद," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं, तर आवाज चढवून तेच म्हणाली आणि वर म्हणाली, "भाकरी करपायली."

म्हणजे नवी वायर खराब. आजकाल माल कसला येतो बघा, असं मी गिरणीवाल्या अण्णांना भिंतीवरूनच सुनावलं. नवी वायर गुंडाळून आईला दिली, जुनी परत लावली आणि हात काढून फोनवर शेवटचं विचारलं.

"होय, तुरी," ती म्हणाली. आवाज पार थकलेला.

"बास झालं. आता त्याला हात लावू नको," मी म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर नेट असं काही पळालं की मी घरात दोनदा छाती पुढं काढून फिरलो. बायकोनंही काही विचारलं नाही. ह्यांनी काहीतरी केलं असेल, असं तिला वाटलं. येताना मी आठवणीनं तुरीची डाळ घेऊन आलो होतो, भलीमोठी पिशवी. घरात फोनवरून सांगितलेलं काम मी विसरत नाही, हेही दिसावं म्हणून.

बाजाराचा दिवस उजाडला. बायकोनं साडीला इस्त्री केली. मी चहा पीत होतो, तेवढ्यात आईनं ती पिशवी उचलून बघितली.

"डबा भरून दाळ हाय घरात. आनिक कामून आणलास?"

"हिनंच सांगितलं. फोनवर."

"मी?" बायको आतून म्हणाली. "मी कधी सांगितलं?"

"काल. मी विचारलं, लिंक आली का, तू म्हणालीस, होय, तुरी. किती तरी येळा म्हणालीस."

ती दारात आली. माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही, मग कळलं, आणि कळल्यावर ती चौकटीला टेकली.

"होय्तु री," ती म्हणाली. "होय्तु. गेलं."

सांगायला लाज वाटते, पण कन्नडात होय्तु म्हणजे गेलं, आणि री म्हणजे आपलं अहो. 'गेलं हो, गेलं हो,' असं ती बाई भाकरी थापत मला सारखी सांगत होती, आणि मी गिरणीच्या आवाजात त्यातून होकार काढत होतो आणि वर डाळ काढत होतो.

"मग बंद कामून म्हणालीस?"

"बंद मी म्हणालेच न्हाई. बंतु म्हणाले. बंतु री."

बंतु म्हणजे आलं. मी कप खाली ठेवला. उलटं करून सगळं परत डोळ्यांसमोर आणलं. मी अंगठा दाबला की लिंक येत होती. सोडला की जात होती. नवी वायर लावली तेव्हा आली होती, आणि पक्की आली होती, म्हणून तर ती दोनदा म्हणाली. आणि ती वायर मी आईला दिली होती. मी खिडकीतून बघितलं. परसात त्या वायरीवर माझेच शर्ट वाळत होते. आईनं ती दोन खांबांच्या मापानं विळीवर कापून घेतली होती.

"तुरी बाजारातच ऱ्हाऊ द्यायच्या होत्या," आई म्हणाली. बायको हसली नाही. क्लासला थोडाच वेळ उरला होता.

दुकानाकडे मी पळतच गेलो. स्टूल, पेटी, आणि या वेळी टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघितलं. प्लगला एक बारकी जीभ असते, पारदर्शक. तीच खट् वाजते आणि प्लगला धरून ठेवते. ती मोडलेली होती. कधी मोडली कोण जाणे; त्या पेटीत माझ्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही, एवढंच म्हणतो. गिरणी चालली की भिंत हालायची, भिंत हालली की बिनजिभेचा प्लग केसभर मागं सरकायचा, की घरातला दिवा विझायचा; गिरणी थांबली की परत लागायचा. गिऱ्हाइकाला मी हे डोळे मिटून सांगितलं असतं.

नवीन प्लगचा डबा रिकामा, आणि एकदा वायरीला दाबून बसवलेला प्लग काढून परत वापरता येत नाही. आणायचा तर उदगीरला जावं लागणार. चिकटपट्टी लावली, पण पेटीवर आणि वायरीवर पिठाचा थर, ती धरेना. काडी खुपसली, ती कडकन मोडली. गिरणीवाल्या अण्णांकडे गेलो, म्हटलं थोडा वेळ गिरणी थांबवा. बाहेर बाजारकऱ्यांची डब्यांची रांग लागलेली. "तुमची लिंक थांबली तर नेट थांबंल," अण्णा म्हणाले. "हितं लोकाच्या भाकरी थांबत्यात." बरोबरच होतं त्यांचं. मी परत आलो, स्टुलावर चढलो आणि प्लग अंगठ्यानं दाबून धरला. आदल्या दिवशीच्या सगळ्या प्रयोगांत एवढी एकच गोष्ट चालली होती.

क्लास सुरू झाला असावा. घरात काय चाललं आहे, दिवा हिरवा आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. फोन करायचा नव्हता. करून तरी मी काय ऐकलं असतं? नुसतं धरून उभं राहायचं होतं. इतका वेळ काही न बोलता बायकोसाठी उभं राहण्याची माझी ही पहिलीच वेळ.

एवढ्यात पतसंस्थेचे मॅनेजर आत आले. "आमचा दिवा लुकलुकायलाय हो. काय करावं?"

"वायर काढून परत लावा," मी वरूनच म्हणालो. "खट् वाजलं का बघा. न्हाई वाजलं तर प्लग बदला."

"बरं." ते थोडे रेंगाळले. "तुम्ही वर काय करायलाव?"

"टेस्टिंग."

"बोटानं?"

"व्हय."

त्यांनी मान डोलावली. या क्षेत्रातलं आपल्याला काय कळतं, असा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांच्या या श्रद्धेवरच माझं दुकान चालतं. ते गेले आणि माझ्या नाकात पीठ गेलं. शिंक दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सगळं अंग हाललं. अंगठा हालला का नाही, मला सांगता येत नव्हतं. कंपनीच्या माणसासमोर तिचं तोंड पुन्हा उघडंच गोठलं असेल, असं डोळ्यांसमोर आलं आणि मी प्लग इतका दाबला की नख पांढरं पडलं. स्वतःवरच भयंकर चिडलो होतो. खारीवर रोखलेली ती नजर एकदा जरी या पेटीत घातली असती तर.

हात बधिर झाला. मग दंड, मग मान. बाहेर बाजार भरात आलेला, गिरणी तशीच घरघरत होती.

तेवढ्यात ती दारात दिसली. इस्त्रीची साडी, पायात आईच्या चपला. फोन न करता आली होती. मला फोनवरून काही सांगण्यात अर्थ नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती काहीतरी म्हणाली. गिरणीत ऐकू आलं नाही.

"काय?" मी ओरडलो.

ती परत म्हणाली. एकच शब्द, आणि मागं बहुतेक री.

बंद म्हणताना ओठ शेवटी उघडेच राहतात. बंतु म्हणताना ते गोल होतात. दुभाषी लागत नाही म्हणून मिरवणाऱ्या मला हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं, कारण ती बोलत असताना मी तिच्या तोंडाकडे कधी बघतच नव्हतो. त्या दिवशी बघितलं. ओठ गोल झाले, आणि मग ती हसली.

माझे डोळे भरून आले. पीठ गेलं, असं मी नंतर सांगितलं. ती हातानं खुणावत होती, उतरा आता, क्लास संपला, एकदाही न तुटता.

"बंतु," मी वरून म्हणालो. तिला कन्नडात दिलेलं ते माझं पहिलंच उत्तर असेल. पण स्टुलावरून मी उतरलो नाही. अंगठा काढला आणि परत होय्तु री झालं, तर काय घ्या.